आगोटीतला पांढरा धूर

रस्त्याच्या कडेला सुकटीच्या ताडपत्र्या पसरल्या, वाडीवाडीतून लाकडं रचायला सुरुवात झाली आणि आमचा फोन दिवसभर वाजायला लागला, म्हणजे आगोट आली. पावसाळ्याच्या तोंडावरचे हे दिवस. आमच्या किनाऱ्यावरची माणसं या दिवसांत चार महिन्यांची बेगमी करतात. बोंबील, आमसुलं, कांद्याच्या माळा, पापड, रॉकेल मिळालं तर रॉकेल. सगळं घरात येऊन पडलं की मग निवांतपणे कमरेवर हात ठेवून वर बघतात. वर पत्रा असतो. तो गंजलेला असतो. मग आमची आठवण येते.

"वहिनी, पडवीचा पत्रा बदलायचाय. पावसाच्या आधी झालं पायजे हां!"

अरे बाबा, पाऊस काय यंदा पहिल्यांदाच येतोय? दिवाळीत सांगितलं असतंस तर तुझं काम निवांत झालं नसतं का? पण नाही. दिवाळीत पडवी आठवत नाही. आणि मी फोनवर यातलं काहीच बोलत नाही. "बघते हां भाऊ," म्हणते आणि फोन ठेवून भिंतीशी बडबडते. या दिवसांत माझं भिंतीशी बोलणं फार वाढतं.

श्रीवर्धनच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. नवरा वेल्डिंग करतो. मापं घेणं, गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं, नव्या पत्र्यावरचं तेल पुसणं आणि काम झाल्यावर सांध्यांना रंग लावणं हे माझ्याकडे. नवऱ्याचं नाव दिलीप, आणि मी त्याला दिलीपच म्हणते. लग्नानंतर सासूबाईंनी यावरून तोंड वाकडं केलं होतं. मग एकदा त्या दुकानात येऊन बसल्या. ग्राइंडर चालू, त्यांना घरची चावी हवी, आणि मी "अहो, अहो" म्हणून मारलेल्या हाका तिथे ऐकतो कोण? शेवटी त्यांनीच "दिलप्याऽऽ" अशी आरोळी ठोकली की समोरच्या टपरीवरचे तिघे वळून बघायला लागले. त्यानंतर विषय मिटला.

दरवर्षी आगोट आली की मला ती एक आगोट आठवते. आठवायची नसते, तरी येते. वादळानंतरची.

वादळानं आमच्या पट्ट्यात काय केलं ते इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. सुपाऱ्या आडव्या झाल्या, नारळ मुळासकट निघाले, आणि पत्रे कुणाचे कुणाच्या शेतात जाऊन पडले. आमच्या न्हाणीघराचा पत्रा तर सापडलाच नाही. एक जण गमतीनं म्हणाला, वहिनी, आगरदांड्याला बघा, जेट्टीवर उतरला असेल, फेरी चुकली म्हणून थांबला असेल. आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखं तेवढंच होतं. पहिला पावसाळा लोकांनी प्लास्टिकखाली काढला. पुढच्या आगोटीला मात्र प्रत्येकाला डोक्यावर पत्रा हवा होता, आणि साधा नव्हे, गॅल्वनाइज. जस्ताचा मुलामा दिलेला.

त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडचं वारं खारं. साध्या लोखंडी पाइपाला दोन पावसाळ्यांत भोकं पडतात. जस्त असलं की टिकतं. म्हणून माणसं पदरमोड करून जस्ताचा माल घेतात, आणि घेतल्यावर त्याच्या चकाकीकडे अशा कौतुकानं बघतात की नवीन सुनेकडे कुणी बघत नसेल.

आता या चकाकीची गोम अशी की पोलाद वितळायच्या कितीतरी आधी जस्त उकळतं आणि त्याचा पांढरा धूर होतो. दाट, दुधासारखा. थोडा वेळ थांबलात तर त्याची सावरीच्या कापसासारखी म्हातारी हवेत तरंगायला लागते, केसांत अडकते, डब्यातल्या भातावर बसते. तो धूर छातीत गेला की माणूस आजारी पडतो. म्हणून काम करायची रीत ठरलेली आहे. जिथे जोड द्यायचा तिथे दोन्ही बाजूंनी दोन बोटं रुंद पट्टा घासून काढायचा, खालचं राखाडी पोलाद दिसेपर्यंत. घासतानाही तोंडाला चांगला फिल्टरचा मास्क हवा, बाजारातला कापडी रुमाल नव्हे. तेल पुसून कोरडं करायचं. काम उघड्यावर घ्यायचं, वारा बाजूनं जात राहील असं उभं राहायचं, डोकं धुराच्या वर नेऊन वाकायचं नाही. पत्रा पातळ असेल तर करंट कमी ठेवून टाके-टाके घ्यायचे, एकदम शिवत सुटायचं नाही, नाहीतर भोक पडतं. आणि सगळं थंड झालं की घासलेल्या जागी जस्ताचा रंग दोन हात लावायचा. तो माझा भाग. झालं. यात काही मोठं शास्त्र नाही.

दिलीपला हे सगळं येतं. तरुणपणी तो रोह्याकडे एका कारखान्यात होता. तिथे मास्कशिवाय वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला तर सुपरवायझर घरी पाठवायचा. हे तोच मला सांगतो, अभिमानानं सांगतो! मग इथे का करत नाहीस असं विचारलं की म्हणतो, "तिथं कुणी ओळखीचं नव्हतं."

हे वाक्य मला फार वर्षांनी कळलं. कारखान्यात पाइप कुणाचाच नसतो. आमच्याकडे प्रत्येक पाइप कुणाच्या तरी आत्याचा, मामाचा, शाळेतल्या मित्राचा असतो आणि तो मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. दिलीपनं ग्राइंडर चालू केला, चकाकी उडायला लागली की खुर्ची पुढे सरकते.

"दिलीप, ह्ये काय करतोस? जस्त घासून काढतोस व्हय?"

"जोडापुरतं काढतोय काका. मग रंग लावणार."

"अरं रंगच लावायचा तर मी साधा न्हाय का घेतला असता? खाऱ्या वाऱ्याचं हाय आपलं. र्‍हाऊ दे तसंच."

की झालं. दिलीप ग्राइंडर खाली ठेवतो. माझा तिळपापड होतो. मी मध्ये पडून काकांना सांगते की जोड देताना तिथलं जस्त तसंही जळूनच जाणार आहे, धूर होऊन उडणार आहे, आधी काढलं काय आणि जळलं काय, तिथे रंग लागणारच. काका माझ्याकडे बघून गोड हसतात आणि दिलीपला म्हणतात, "बायको हुशार हाय रे तुझी." आणि काम तसंच होतं. या "हुशार हाय"चा मला इतका तिटकारा आला आहे की कुणी खरंच कौतुक केलं तरी माझं डोकं फिरतं.

त्या आगोटीत दिलीपच्या तापाला सुरुवात झाली. दुपारी काम संपवून घरी यायचा, पाणी प्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. पाणी गोड लागतंय म्हणायचा. चहा दिला तर म्हणायचा, पितळेच्या भांड्यात राहिला होता का? दिवेलागणीपर्यंत अंगात हुडहुडी. वैशाखातला उकाडा, आम्ही पदरानं वारा घेतोय आणि हा गोधडीवर गोधडी ओढून दात वाजवतोय. सकाळी घाम येऊन मोकळा. पुन्हा कामाला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका लागून आम्हीच अर्धमेले झालो. सरकारी दवाखान्यात मलेरियासाठी रक्त तपासलं, काही निघालं नाही. टपरीवर त्याला चिडवायला लागले की ह्याला कामचुकवा ताप आहे, सकाळी उतरतो खरा पण गिऱ्हाईक दिसलं की पुन्हा चढतो.

मंगळवारी आमच्याकडे लाइनच्या कामासाठी वीज जायची. मंगळवारी ताप नाही, आणि बुधवारी मात्र सगळ्यांत जोराचा. रोजच्या धुराची शरीर कशीबशी सवय करून घेतं, एक दिवस सुटली की दुसऱ्या दिवशी दामदुप्पट वसूल करतं. मी हे ओळखलं तेव्हा मला वाटलं, सुटलो! आता कारण कळलं, आता हा थांबेल. मी पोळ्या टाकून धावत दुकानात गेले सांगायला. दिलीपनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "माहितीय मला. वेल्डरांना येतोच तो ताप. गूळ खाल्ला की बरं वाटतं."

माहितीय मला! म्हणजे मी इकडे देव पाण्यात घालून बसलेय आणि या गृहस्थाला माहिती आहे. आणि गूळ. सगळ्या वेल्डरांचा हा एक गूळ! कुणी म्हणतो दूध, कुणी म्हणतो केळं, बहुतेक म्हणतात गूळ. म्हणे घशातला धूर पोटात घेऊन जातो. अरे, धूर घशात असतो का? तो छातीत उतरलेला असतो, तिथे गुळाचा खडा कुठल्या वाटेनं जाणार? पण दिलीपच्या शर्टाच्या खिशात गूळ, खिशाला मुंग्या, आणि त्या मुंग्या झटकत मी कपडे धुतेय. मास्क आणलेला होता. तळा गावाहून येताना मी मुद्दाम शोधून, चांगला फिल्टरवाला आणला होता. तो खिळ्याला टांगलेला. घाम येतो म्हणून लावत नाही. गूळ मात्र न विसरता रोज.

अशात देवळाचं काम आलं.

आमच्याकडे गावकी असते. गावातल्या सगळ्या घरांची मिळून एक सभा. देवळाचं, विहिरीचं, पालखीचं, भांडणांचं सगळं तिथे ठरतं. गावच्या मुंबईकरांचं वेगळं मंडळ, ते तिकडून वर्गणी पाठवतात आणि सोबत सूचनाही पाठवतात. वादळात गावदेवीच्या सभामंडपाचं छप्पर उडालं होतं. पावसाच्या आत नवं बसवायचं ठरलं, कैच्या म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, पन्हळी, सगळं गॅल्वनाइजमध्ये. काम अर्थात दिलीपला. गावकीचे अध्यक्ष अण्णा, दिलीपचे सख्खे चुलते. दिलीपचे वडील तो लहान असताना गेले, तेव्हापासून अण्णांनीच त्याला वाढवलं. त्यांच्यासमोर दिलीप खुर्चीत बसत नाही. माणूस वाईट नाही अण्णा, उलट फार चांगला, आणि तीच माझी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मी दिलीपला आधीच बजावलं होतं, देवळाच्या कामाला घासल्याशिवाय एक टाका घ्यायचा नाही. तो हो म्हणाला आणि खरंच, पहिल्या कैच्या त्यानं देवळाच्या अंगणात उघड्यावर घेतल्या, नीट घासून, मास्क लावून. मी मागोमाग रंग लावत गेले. इतकं सुंदर काम झालं होतं! संध्याकाळी ताप नाही. चहा चहासारखा लागला त्याला. मला वाटलं, देवीनंच सुबुद्धी दिली.

कुणीतरी त्या घासलेल्या जोडांचे फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. टाकणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, काम चालू आहे एवढंच दाखवायचं होतं. पण विक्रोळीहून एकानं लगेच विचारलं, पट्टे काळे का दिसतात? दुसऱ्यानं डोंबिवलीहून, आपण गॅल्वनाइज सांगितलं होतं ना? तिसऱ्यानं, दिलीपदादा जस्त घासून काढतोय, म्हणजे गंजणार. मग नुसते अंगठे, हात जोडलेले, रडणारे चेहरे. ज्यांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही असले सगळे जण तासाभरात जस्ताचे जाणकार झाले. मी लांबलचक उत्तर लिहिलं, नीट समजावून. त्याखाली एकानं गुलाबाचं फूल टाकलं. एवढंच.

सकाळी अण्णा अंगणात आले. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही.

"दिलीप, आपल्याला न्हाय घासायचं बाळा. मुंबईकरांचं म्हणणं पडलंय. देवीचं काम हाय, कुणाच्या तोंडाला बोलायला जागा नको."

मी म्हटलं, "अण्णा, त्या धुरानं ह्यांना ताप येतो." त्यांच्यासमोर मीसुद्धा "ह्यांना" म्हणते.

"देवीचं काम हाय सूनबाई. देवीच्या कामात काय व्हायचं न्हाय."

आणि दिलीप मान खाली घालून म्हणाला, "करतो अण्णा."

हे "करतो" मला तोंडपाठ आहे. गिऱ्हाइकाला करतो, काकाला करतो, अण्णांना करतो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी वाट बघतेय की हा माणूस एकदा तरी कुणाला नाही म्हणेल. "नाही" हा शब्द त्याला येतच नाही असं नाही. मला दिवसातून दहादा म्हणतो. घराबाहेर पडला की जीभ वळत नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या कैच्या आणि पन्हळीचे जोड मंडपातच घ्यायचे होते. वळवाचं वारं सुटलेलं. देवळाच्या शेजारीच पेंढ्याची उडवी. ठिणगी उडाली तर सगळं पेटेल, म्हणून गावकीच्या पोरांनी मंडपाच्या चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या. देवीवर काजळी बसू नये म्हणून गुरवानं गाभारा लावून घेतला. प्रत्येकानं आपापल्या परीनं शहाणपणाच केला. उडवी हलवता आली असती, अर्ध्या दिवसाचं काम होतं, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत दिलीप, मशीन आणि जस्त.

दुपारी मी डबा घेऊन गेले. दुरूनच दिसलं, ताडपत्रीच्या फटींतून पांढरा धूर झिरपतोय. बाहेर पारावर पाच-सहा जण गप्पा मारत बसलेले. आत डोकावले तर काही दिसेना. नुसता निळा उजेड, आणि हवेत ती सावरी तरंगतेय. दिलीप कैचीखाली वाकलेला, डोकं नेमकं धुरात. मास्क नव्हता. खिळ्यालाच राहिला होता.

मला काय झालं कोण जाणे. डबा ठेवला, नारळ फोडायचा कोयता तिथे होता तो घेतला आणि ताडपत्रीच्या सुतळ्या सपासप कापत सुटले. एक बाजू धाडकन खाली आली. धूर भस्सकन बाहेर पडला. पारावरचे उठून उभे राहिले. "अगं वहिनी, उडवी! उडवी!" असं कुणीतरी ओरडलं. उडवीची काळजी! मी म्हटलं, "उडवी गेली खड्ड्यात, आत माणूस आहे की नाही बघा जरा!"

दिलीपनं तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली. डोळे लाल, नाकाभोवती पांढरी पूड. मला वाटलं, आता हा बाहेर येईल. तो मला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शैला, घरी जा. गावासमोर तमाशा करू नकोस."

मी घरी गेले. काय करणार होते? पोरांनी ताडपत्री पुन्हा बांधली. मी परसात बसून दोन बादल्या कपडे धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. दिलीपचा आला, अण्णांचा आला, विक्रोळीचा आला, आणि खरं सांगू, देवीचाही आला. तिचं दार लावून घेतलं होतं ना, ती बरी सुरक्षित होती.

काम त्यानं त्याच दिवशी पुरं केलं. ताप आला, रोजच्यासारखाच. पण सकाळी उतरला नाही. दम लागायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले. अण्णांनीच गाडी काढली. माणगावला नेईपर्यंत दिलीपला वाक्य पुरं करता येत नव्हतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळ्या लावल्या, म्हणाले फुफ्फुसांना सूज आहे, आत पाणी झालंय. कुठं काम करत होता विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "बंद जागेत?" मी म्हटलं, "देवळात." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

वाचला. पण सावकाश. आणि या काळात गावानं काय नाही केलं? घरोघरी डबे आले, रात्रपाळीला पोरं बसली, सासूबाईंना एकटं वाटू नये म्हणून बायका येऊन झोपल्या. अण्णा रोज यायचे, नातवंडं सोडून यायचे, उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवायचे. घरी आणलं तेव्हा गावकीनं देवीची ओटी भरली. सगळे म्हणाले, देवीनं तारलं. मी हातात ओटी घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, अरे देवीनं तारलं, पण मारायला कोण निघालं होतं? हे मी बोलू शकले नाही. इतकं प्रेम केलेल्या माणसांना हे कसं बोलायचं?

त्याला आता काही वर्षं झाली. दिलीप काम करतो, कमी करतो. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर शेजाऱ्याच्या गोठ्याचं छप्पर आहे, त्यात बघण्यासारखं काय आहे? पण मी विचारत नाही. आता तो घासतो, मास्कही लावतो. काका लोक खुर्ची पुढे सरकवतात, तेव्हा मी आधी मध्ये पडते. दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली. गेली तर गेली. दुसरीकडे त्यांचं काम न घासता, झटपट होतं, आणि त्या दुकानातून पांढरा धूर निघताना मला एसटीतून दिसतो. खिडकीतून ओरडावंसं वाटतं. एकदा ओरडलेही होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, काय राहिलं का तुमचं?"

आणि परवा अण्णांचा निरोप आला, देवळात या.

मंडपाच्या छताखाली गावकी जमली होती. सगळ्यांच्या माना वर. मीही वर पाहिलं. ताडपत्रीआड घेतलेले ते सगळे जोड लालभडक गंजले होते. जोडाच्या दोन्ही अंगांनी गंज ओघळून पन्हळीपर्यंत आला होता. साहजिक आहे. तिथलं जस्त त्या दुपारीच जळून गेलं होतं, थोडं हवेत, थोडं दिलीपच्या छातीत. आणि वरून रंग लावायला मी तिथे नव्हते, मी माणगावला होते. पलीकडे पहिल्या दिवसाच्या कैच्या. घासलेल्या, रंगवलेल्या. त्यांना काही झालं नव्हतं. कुणीही न सांगता दोन्ही शेजारी शेजारी दिसत होतं. सगळे बघत होते. मला वाटलं, आता तरी कुणीतरी बोलेल.

अण्णा बोलले. अण्णा आता थकलेत, काठी घेऊन चालतात. "दिलीप, पावसाच्या आत ह्ये नीट करून दे बाबा. आता घास. पायजे तेवढं घास."

आता घास! मी म्हटलं, "अण्णा, तेव्हा का नाही घासू दिलंत?"

त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. म्हणाले, "तेव्हा नवं होतं ना गं सूनबाई."

मी तोंड उघडणार, एवढ्यात दिलीपनं शिडी लावली. ग्राइंडर हातात घेतला, मास्क चढवला. चढायला लागला. अर्ध्या शिडीवर थांबला. तिथे खिडकी नव्हती, बाहेर बघायला काही नव्हतं. शिडीला धरून तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या पाठीवरचा शर्ट वरखाली होताना सगळ्या गावाला दिसला. मग एकेक पायरी खाली उतरला. मास्क काढला. थोडा वेळ श्वास घेतला आणि म्हणाला,

"नाही जमणार, अण्णा."

स्पष्ट म्हणाला. मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

किती वर्षं मी या शब्दाची वाट बघितली होती! तो ज्या दिवशी हा शब्द म्हणेल त्या दिवशी गावभर पेढे वाटायचे असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून वरच्या गंजाकडे बघत होते, त्या दुपारी पारावर बसलेली माणसं खाली मान घालून उभी होती, आणि मी दिलीपच्या हातातून ग्राइंडर घेतला, कारण तो त्याला धरवत नव्हता.